ब्रॅकीथेरपीत लघवीची पिशवी आणि गुदाशय कसे वाचवतात (मशिनपेक्षा गॉजबद्दल जास्त)

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला आतून रेडिएशन, म्हणजे ब्रॅकीथेरपी, द्यायचं ठरलं की पेशंट आणि घरचे आधी मशिनबद्दल विचारतात, नवीन आहे का, कॉम्प्युटरवर चालतं का, बाहेरून दिलं त्याच मशिनवर होणार का. आणि मला दरवेळी वाटतं की यांनी गॉजबद्दल विचारावं. हो, गॉज, जखमेवर बांधतात तीच जाळीदार पट्टी. कारण आजूबाजूचे अवयव किती वाचणार हे बरंचसं त्या पट्टीवर, लघवीच्या नळीवर, सकाळी पोट नीट साफ झालं होतं का यावर आणि पुढचे काही तास पेशंट किती कमी हलली यावर ठरतं. मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, डॉक्टर नाही, रेडिएशन कुठे किती सेकंद द्यायचं याचं गणित करणारी बाई. रोज ज्या मिलीमीटरांशी भांडते त्यांच्याबद्दल आज जरा सविस्तर लिहिते, कारण पेशंटला यातलं फार थोडं सांगितलं जातं आणि खरं तर यातल्या बऱ्याच गोष्टींत तिचा स्वतःचा हात असतो.

आधी जागा समजून घ्या. गर्भाशयमुख म्हणजे गर्भाशयाचं खालचं तोंड, जे योनीत वरच्या टोकाला उघडतं. त्याच्या अगदी समोर लघवीची पिशवी, अगदी मागे गुदाशय, म्हणजे संडास साठतो तो आतड्याचा शेवटचा भाग. मध्ये काय, तर योनीची पातळ भिंत आणि थोडासा मऊ टिश्यू, काही ठिकाणी अक्षरशः काही मिलीमीटर. वरच्या बाजूला सिग्मॉइड, मोठ्या आतड्याचं वाकडं वळण, ते कधी गर्भाशयावर येऊन टेकतं कधी लांब असतं, आणि लहान आतड्याची वेटोळी तर पोटात तरंगतच असतात, आज इथे उद्या तिथे. गाठीला एकूण ८५-९० ग्रेच्या (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप) आसपास डोस पोचवायचा आणि एवढ्या जवळच्या शेजाऱ्यांना त्याच्या खूप खाली ठेवायचं. सगळी कसरत एवढीच आहे आणि ती एवढीशी नाहीये.

आतून देण्याचा फायदा अंतरामुळे मिळतो. शेकोटीपासून एक पाऊल मागे सरकलं की चटका किती पटकन कमी होतो ते सगळ्यांना माहीत आहे, तसंच इथे, फक्त हिशोब कडक: सोर्सपासूनचं, म्हणजे रेडिएशन देणाऱ्या छोट्या तुकड्यापासूनचं, अंतर दुप्पट झालं की डोस चौथ्या हिश्श्यावर येतो. १ सेंटीमीटरवर जेवढा, २ सेंटीमीटरवर त्याचा पाव. म्हणून गाठीच्या आत बसलेला सोर्स गाठीला भरपूर देतो आणि बाहेर पटकन ओसरतो. गुदाशयाची भिंत सोर्सपासून २ सेंटीमीटरवर आहे आणि तुम्ही ती फक्त ५ मिलीमीटर मागे ढकलली, तर एका बिंदूचा हिशोब धरला तर तिथला डोस एक तृतीयांशाहून जास्त उतरतो. प्रत्यक्षात सोर्स एकाच जागी थांबत नाही, नळीत ओळीने बऱ्याच जागी थांबतो म्हणून उतार थोडा सौम्य असतो, पण तरी ५ मिलीमीटरला एवढी किंमत असलेलं दुसरं काम मला तरी माहीत नाही. आणि हे उलटही लागू पडतं बरं का. भिंत ५ मिलीमीटर पुढे आली तर नुकसान त्याहून जास्त, त्याच हिशोबाने डोस पाऊणपटीहून जास्त वाढतो.

बाहेरून रेडिएशन आधी देतात त्याचं एक कारण हेही आहे. साधारण पाच आठवडे, ४५ ग्रे २५ भागांत, बरोबर बहुतेकींना आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. त्याने गाठ आक्रसते, आणि आक्रसलेल्या गाठीला आतून वेढणं सोपं जातं, म्हणजे डोस कमी लांबवर पोचवावा लागतो, म्हणजे पिशवी आणि गुदाशय आपोआप थोडे सुरक्षित. पण या पाच आठवड्यांत याच अवयवांना त्यांचा वाटा मिळालेला असतो, कारण ते बाहेरच्या शेकाच्या क्षेत्रातच येतात. त्यामुळे ब्रॅकी सुरू होते तेव्हा त्यांचं खातं कोरं नसतं, अर्ध्याहून जास्त खर्च झालेला असतो.

इथे जरा आकडे लिहिते, ज्यांना नको त्यांनी पुढच्या पॅराला जा. आम्ही सगळे डोस एका समान मापात आणतो, रोज २ ग्रे दिले असते तर ते किती झाले असते, या मापात. त्याला ईक्यूडी टू म्हणतात. त्या मापात बाहेरचे ४५ ग्रे गुदाशयासाठी साधारण ४३ होतात. एम्ब्रेस टू या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने जे लक्ष्य ठेवलंय त्यात गुदाशयाच्या सगळ्यात जास्त डोस घेणाऱ्या २ घन सेंटीमीटरला एकूण ६५ च्या आत ठेवा आणि ७५ ओलांडू नका असं आहे, लघवीच्या पिशवीला ८० च्या आत आणि ९० ची हद्द, सिग्मॉइड आणि आतड्याला ७० आणि ७५. आता समजा चार वेळा ब्रॅकी द्यायची आहे. गुदाशयाकडे ६५ पर्यंत उरले २२, चार भागांत वाटले तर दरवेळी त्या भागाला प्रत्यक्षात ३.९ ग्रेच्या आसपासच परवानगी. हद्द ७५ धरली तर ५ ग्रे. म्हणजे आरामात आणि अगदी काठावर यातलं अंतर दरवेळचा एक ग्रे. तेवढा एक ग्रे गॉजच्या एका नीट बसलेल्या घडीत मिळतो किंवा जातो.

अजून एक गोष्ट जी घरच्यांना कुणी सांगत नाही. आतड्यासारख्या अवयवांना एका दणक्यात मिळालेला मोठा डोस जास्त खुपतो, सरळ बेरीज होत नाही. एका वेळी ५ ग्रे मिळाले तर त्या समान मापात ते ८ होतात, पण एका वेळी ८ ग्रे मिळाले तर साडेसतराच्या वर. म्हणजे एक बिघडलेला दिवस दोन चांगल्या दिवसांचं बजेट खाऊन वर उरतो. म्हणूनच माझं ठाम मत आहे की प्रत्येक वेळी नवीन स्कॅन, नवीन प्लॅन, आणि पहिल्या दिवशीचा प्लॅन सगळ्या वेळांना चिकटवायचा नाही. वेळ वाचतो हे खरं, काही ठिकाणी पेशंटची रांग एवढी असते की दुसरा पर्यायच नसतो हेही मी पाहिलंय, पण अवयव दरवेळी वेगळ्या जागी असतात आणि ॲप्लिकेटर, म्हणजे ज्या नळ्यांतून सोर्स आत जातो तो सांगाडा, तोही दरवेळी हुबेहूब तसाच बसत नाही.

आता ऑपरेशन थिएटरमध्ये काय होतं ते. भूल देतात, कमरेत किंवा पूर्ण, किंवा झोपेचं औषध आणि वेदनाशामक, त्या त्या सेंटरची पद्धत. मग लघवीची नळी घालतात. ही नळी फक्त लघवीसाठी नसते, तिच्या टोकाचा फुगा पिशवी कुठे आहे ते दाखवतो. जुन्या एक्स-रेच्या पद्धतीत या फुग्यात एक्स-रेवर दिसणारं ७ सीसी डाय भरून नळी खाली ओढून धरायची, म्हणजे फुगा पिशवीच्या तळाशी बसतो आणि फिल्मवर दिसतो. मग ॲप्लिकेटर. एक बारीक वाकडी नळी गर्भाशयाच्या आत जाते, तिला टँडम म्हणतात, आणि गर्भाशयमुखाला टेकून दोन बाजूला दोन गोळ्यांसारखे ओव्हॉइड किंवा एक गोल रिंग.

ती नळी वाकडी का, तर गर्भाशय बहुतेकींचं पुढे झुकलेलं असतं आणि नळी त्या वळणाने जावी लागते, शिवाय नळीचा कोन बदलून गर्भाशय पुढे-मागे थोडं मधोमध आणता येतं, म्हणजे ते ना पिशवीवर रेलतं ना गुदाशयावर. गर्भाशय मागे झुकलेलं असेल तर काम अवघड, तेव्हा नळी चुकीच्या कोनात घातली तर तिचं टोक सरळ गुदाशय-सिग्मॉइडच्या दिशेने जातं. आणि रेडिएशन घेतलेलं गर्भाशय मऊ, ठिसूळ असतं, गाठीने वाट बुजलेली असते, नळी भिंतीतून आरपार जाऊ शकते. गेली आणि कळलं नाही तर सोर्स थेट आतड्याशेजारी जाऊन थांबणार. म्हणून पोटावर अल्ट्रासाउंडचा प्रोब ठेवून बघत बघत नळी घालणं ही चैन नाहीये. मला विचाराल तर ज्या दोन गोष्टींत कंजुषी होऊ नये त्यातली ही एक. दुसरी म्हणजे पॅकिंग.

पॅकिंग. ॲप्लिकेटर बसला की योनीत ओलसर गॉजची लांबच लांब पट्टी घडी घालत घालत भरतात, ॲप्लिकेटरच्या मागे आणि पुढे. मागची घडी गुदाशयाला मागे ढकलते, पुढची पिशवीला पुढे. गॉजमध्ये बहुतेक वेळा एक्स-रेवर दिसणारा धागा असतो म्हणजे भिंत कुठे आहे ते कळतं. वाचायला सोपं आहे, करायला हाताची सवय लागते. जास्त वर कोंबलं आणि गॉज ओव्हॉइड आणि गर्भाशयमुखाच्या मध्ये शिरलं तर ॲप्लिकेटरच खाली सरकतो, गाठीपासून लांब, म्हणजे शेजारी वाचवायच्या नादात गाठच उपाशी. मागे कमी भरलं तर गुदाशय पुढे येतो. एका बाजूला जास्त झालं तर ॲप्लिकेटर तिरका होतो. काही सेंटरमध्ये गॉजऐवजी मागे रिट्रॅक्टर लावतात, एक चपटी पट्टी जी गुदाशयाची भिंत मागे धरून ठेवते, काही ठिकाणी फुगे वापरतात. रिट्रॅक्टर पटकन बसतो, सारखा बसतो, पण अरुंद योनीत किंवा वयस्क बाईत तो दुखतो आणि कधी बसतच नाही. चांगल्या हाताने केलेलं पॅकिंग आणि रिट्रॅक्टर यात मी पॅकिंगच्या बाजूने आहे, पण हात चांगला असेल तरच.

हे पॅकिंग पेशंटला आवडत नाही. साहजिक आहे. भूल उतरायला लागली की गच्च भरल्यासारखं, ओढल्यासारखं वाटतं, आणि काढताना तर जास्तच. एका काकूंनी मला विचारलं होतं, "एवढं कोंबायची गरज आहे का हो मॅडम, थोडं सैल केलं तर चालणार नाही?" मी त्यांना स्क्रीनवर दाखवलं, काकू हे गुदाशय, हा गॉज, आणि ही लाल रेघ जिच्या आत डोस जास्त आहे. गॉज सैल केला तर ही भिंत रेघेच्या आत येईल. त्यांनी चष्मा मागितला, नीट बघितलं आणि म्हणाल्या, "मग राहू दे, पण दुखायचं औषध द्या." अगदी बरोबर मागणी. वेदनेचं औषध मागणं हे या उपचारात लाड नाहीत, दुखतंय म्हणून पेशंट अंग आखडते, कूस बदलायला बघते आणि तिथेच सगळं हलतं.

मग सीटी, किंवा जमलं तर एमआरआय. एमआरआयवर गाठ नीट दिसते, सीटीवर गाठीची कड धूसर असते पण पिशवी, गुदाशय, सिग्मॉइड सीटीवरही व्यवस्थित आखता येतात. हा स्कॅनचा भाग तसा नवीन आहे. रेडियमच्या काळापासून, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून, हा उपचार आहे, आणि १९३८ मध्ये मँचेस्टरमध्ये टॉड आणि मेरेडिथ यांनी पॉइंट ए ठरवला, गर्भाशयमुखापासून २ सेंटीमीटर वर आणि २ सेंटीमीटर बाजूला, तिथे किती डोस गेला ते मोजायचं. १९८५ मध्ये आयसीआरयू या रेडिएशनची मापं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ३८ नंबरच्या रिपोर्टमध्ये पिशवीसाठी एक बिंदू आणि गुदाशयासाठी एक बिंदू पक्के झाले, पिशवीचा त्या फुग्याच्या मागच्या कडेला, गुदाशयाचा योनीच्या मागच्या भिंतीच्या ५ मिलीमीटर मागे. कितीतरी वर्षं जगभर याच बिंदूंवर काम चाललं आणि ते काम वाईट नव्हतं. पण पिशवी काय एका बिंदूत राहते का. स्कॅन आल्यावर कळलं की पिशवीचा सगळ्यात तापलेला भाग बऱ्याचदा त्या बिंदूच्या वर असतो आणि बिंदूवरचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. सिग्मॉइड तर साध्या फिल्मवर दिसतच नव्हतं. २००५ आणि २००६ मध्ये युरोपातल्या जेक-एस्ट्रोच्या गटाने शिफारशी काढल्या, स्कॅनवर गाठ आणि अवयव आखा आणि अवयवाचा सगळ्यात जास्त डोस घेणारा २ घन सेंटीमीटरचा तुकडा मोजा. वर जे ६५, ८० चे आकडे दिले ते याच तुकड्याचे.

अवयव आखून झाले की माझं काम सुरू. सोर्स म्हणजे बहुतेक ठिकाणी इरिडियम-१९२, काही ठिकाणी कोबाल्ट-६०, जाडीला १ मिलीमीटरच्या आसपास, वायरच्या टोकाला जोडलेला. तो नळीत ठराविक जागी ठराविक सेकंद थांबतो. मी ठरवते कुठे किती. सिग्मॉइड टँडमच्या टोकाला टेकलंय, तर टोकाच्या जागांचे सेकंद कमी करते. गुदाशय ओव्हॉइडच्या मागे जवळ आलाय, तर ओव्हॉइडचे सेकंद कमी. मग गाठीची एक कड उघडी पडते, ती झाकायला दुसरीकडे वाढवते, मग पिशवीचा आकडा वर जातो. असं मागे-पुढे करत एका जागी येतं. प्रोग्राम हे आपोआपही करून देतो, पण तो नुसता आकडे गाठतो आणि कधीकधी एकाच जागी सोर्स खूप वेळ उभा करून मोकळा होतो, ते डोळ्याने बघून दुरुस्त करावं लागतं.

आणि इथे स्पष्ट लिहिते, सेकंद बदलून वाईट पॅकिंग दुरुस्त होत नाही. भिंत जर ॲप्लिकेटरला चिकटूनच असेल तर मी जे काही कमी करीन ते गाठीच्या वाट्यातूनच कमी होणार. अशा वेळी डॉक्टरांना फोन करून "पुन्हा पॅक करायचं का" असं विचारायला नव्या फिजिसिस्टना संकोच वाटतो, पेशंट पुन्हा भुलीखाली जाणार, वेळ जाणार, सगळ्यांची चिडचिड. पण चांगले डॉक्टर या फोनवर रागावत नाहीत.

गाठ बाजूला, ओटीपोटाच्या भिंतीकडे पसरलेली असेल तर नुसत्या टँडम-ओव्हॉइडने भागत नाही. त्यांच्या डोसचा आकार वर निमुळता आणि खाली रुंद असतो, बाजूला पोचवायचं म्हटलं तर सगळंच फुगवावं लागतं आणि पिशवी-गुदाशय त्यात सापडतात. तेव्हा रिंगच्या भोकांतून किंवा टेम्प्लेटमधून, म्हणजे भोकं असलेल्या पट्टीतून, बारीक सुया गाठीत घालतात. सुया म्हटलं की पेशंट घाबरते, पण त्या सुयांमुळेच डोस हवा त्या बाजूला ओढता येतो आणि समोर-मागे वाढवावा लागत नाही. काही ठिकाणी गुदाशय आणि योनीच्या मध्ये हायलुरोनिक ॲसिडचं जेल टोचून जागा तयार करतात, ते काही महिन्यांत विरघळतं. कल्पना चांगली आहे, अवघड केसेसमध्ये उपयोगी आहे, सरसकट सगळ्यांना लागतं असं मला वाटत नाही.

आता पेशंटच्या हातातला भाग. आदल्या दिवशी किंवा सकाळी एनिमा देतात, तो टाळू नका, लाजू नका, "झालंय सगळं" असं खोटं सांगू नका. गुदाशय भरलेला किंवा गॅसने फुगलेला असेल तर त्याची पुढची भिंत थेट ॲप्लिकेटरकडे येते. लघवीच्या पिशवीचं थोडं वेगळं आहे. रिकामी असली तर तिचा कमी भाग जवळ असतो पण लहान आतडं खाली येऊन बसतं, भरलेली असली तर आतडं वर ढकललं जातं पण पिशवीचाच डोस वाढू शकतो. यावर मतं वेगवेगळी आहेत, बरीच सेंटर ठराविक माप भरून नळी बंद करतात, ५० ते १०० मिलीच्या आसपास. माझ्या दृष्टीने किती भरली यापेक्षा स्कॅनच्या वेळी जेवढी होती तेवढीच उपचाराच्या वेळी आहे का हे जास्त महत्त्वाचं. त्यामुळे मधल्या वेळात नळी कुणी उघडली, बंद केली, पिशवी खूप भरल्यासारखी वाटतेय, हे सिस्टरला सांगा.

स्कॅन आणि प्रत्यक्ष उपचार यात तास-दोन तास, कधी जास्त जातात, आखणं, प्लॅन, तपासणी. तेवढा वेळ पाठीवर पडून राहायचं. स्ट्रेचरवरून टेबलवर घेताना स्वतःहून उठून मदत करायची नाही, हे सगळ्यात जास्त होतं, बायकांना सवयच असते की कुणाला आपल्यामुळे त्रास नको, म्हणून त्या स्वतःच कंबर उचलून सरकतात. सरकू नका. आम्हाला उचलू द्या. खोकला येतोय, मळमळतंय, पोटात कळ येतेय तर लगेच सांगा. उपचाराच्या आधी पुन्हा एकदा बघणं, ॲप्लिकेटर सरकला नाही ना, खुणा जुळतात ना, शक्य असेल तिथे पुन्हा स्कॅन, हे प्रत्येक ठिकाणी व्हायला हवं आणि तुम्ही विचारलं तर कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

खरा उपचार काही मिनिटांचा. मागच्या वेळी सात मिनिटं लागली, आज अकरा का, जास्त दिलं का, असं विचारतात. इरिडियम दर ७४ दिवसांनी अर्धा होतो, सोर्स जुना झाला की तेवढाच डोस द्यायला वेळ जास्त लागतो, बाकी काही नाही. नवीन सोर्स आला की वेळ पुन्हा कमी. सोर्स मशिनमध्ये परत गेला की अंगात काही उरत नाही, नातवंडांना जवळ घेतलं तरी चालतं.

एका गोष्टीवर मात्र मी घरच्यांशी वाद घालते. काही जण म्हणतात, साइड इफेक्ट नको, थोडं कमीच द्या. किंवा दोन वेळा झालं, त्रास होतोय, उरलेलं राहू दे. गाठीला कमी डोस देऊन वाचवलेली पिशवी ही वाचलेली पिशवी नाही, कारण गाठ परत आली तर ती त्याच पिशवीत आणि गुदाशयात शिरते. शिवाय सगळा उपचार, बाहेरचा आणि आतला मिळून, ८ आठवड्यांत संपायला हवा, लांबला की गाठ सावरते. एम्ब्रेस वन अभ्यासाचे निकाल २०२१ मध्ये आले, एमआरआय बघून ब्रॅकी दिलेल्या १३०० हून जास्त बायका, ५ वर्षांनी ओटीपोटात त्या जागी आजार ताब्यात असण्याचं प्रमाण ९२ टक्के, आणि गंभीर त्रास लघवीच्या मार्गाचे ६.८ टक्के, आतड्याचे ८.५ टक्के. हे शून्य नाहीये, आणि ज्या बाईला होतो तिला टक्केवारी सांगून काही उपयोग नाही हे मला कळतं. पण गाठीला पूर्ण देऊनही शेजारी बऱ्याच अंशी वाचवता येतात एवढं यातून दिसतं.

जवळच्या अवयवांची यादी करताना एक अवयव सगळे विसरतात, योनी. तिला तर सगळ्यात जास्त डोस मिळतो, ॲप्लिकेटर तिच्यातच बसतो. वरचा भाग बराच सहन करतो पण नंतर आत चिकटतं, अरुंद होतं, कोरडं पडतं. पुढे तपासणी करणंही अवघड होतं, नवरा-बायकोचा संबंध तर दूरच. यासाठी डायलेटर असतात, योनी अरुंद होऊ नये म्हणून आत घालायच्या गुळगुळीत कांड्या, उपचार संपल्यावर जखम भरली की डॉक्टर सांगतील तेव्हापासून नियमित वापरायचे, महिन्यांमागून महिने. ओपीडीत दहा जणांसमोर कुणी हे सांगत नाही आणि बाई विचारत नाही, म्हणून इथे लिहिते: सिस्टरला किंवा डॉक्टरला बाजूला घेऊन डायलेटरबद्दल विचारा, नवरा बरोबर असेल तर त्याच्यासमोर विचारा.

ज्या बायका तंबाखू ओढतात त्यांच्यात आतड्याचे नंतरचे त्रास जास्त होतात हे अभ्यासात दिसलंय, तेव्हा सोडायचं असेल तर हीच वेळ. आधी पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल, सिझेरियन, अपेंडिक्स, काहीही, तर ते नक्की सांगा, कारण आतडं एका जागी चिकटलेलं असेल तर ते सरकत नाही आणि दरवेळी त्याच तुकड्याला डोस जातो, आम्हाला ते आधी माहीत असलेलं बरं.

नंतरचे त्रास लगेच येतात असं नाही. उपचारात जुलाब, लघवीला जळजळ होते ती काही आठवड्यांत बसते. पण सहा महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनी संडासवाटे रक्त पडायला लागलं किंवा लघवी लाल झाली तर घाबरून जवळच्या कुठल्याही डॉक्टरकडे जाताना आधी सांगायचं की माझं ओटीपोटाचं रेडिएशन झालंय. रेडिएशन घेतलेल्या गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा घाईने तपासणीला काढला तर ती जखम सहज भरत नाही, कधी तिथून योनीत भोक पडतं. आधी रेडिएशनच्या डॉक्टरांशी बोलू दे त्यांना. बहुतेक रक्तस्राव औषधाच्या एनिमाने किंवा दुर्बिणीतून शेकून थांबवता येतो.

आणि शेवटच्या दिवशी कागद घ्याल तेव्हा त्यात नुसतं "ब्रॅकीथेरपी पूर्ण" असं असेल तर परत पाठवा. कुठल्या तारखांना, किती वेळा, दरवेळी किती ग्रे, आणि गाठ, पिशवी, गुदाशय, सिग्मॉइड यांचे एकूण आकडे, हे सगळं आमच्याकडे असतंच, प्रिंट काढायला दोन मिनिटं लागतात. फिजिक्सच्या खोलीचं दार वाजवा, आम्ही आतच असतो.